मांजर नीट जेवतंय का?

इन्स्पेक्टरआजी कुणाच्याही घरी गेल्या की लगेच बसायच्या नाहीत. आधी सोफ्याची गादी उचलायच्या, तिच्या शिवणीवरून अंगठ्याचं नख फिरवायच्या, नख उजेडाकडे धरून बघायच्या, गादी होती तशी ठेवायच्या आणि मग तिच्या अगदी कडेला टेकायच्या. घरची बाई समोर उभी असली तरी त्यांना त्याचं काही वाटत नसे. माझ्याकडे त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी भज्यांचं ताट हातात धरून हे सगळं बघत उभी होते. लग्न होऊन मिशिगनला येऊन मला वर्षही झालं नव्हतं. घरी पाहुणे बोलावण्याचीही ती पहिलीच वेळ.

"आजी, सोफा नवीन आहे," मी म्हटलं.

"दुकानात किती जण बसून गेले असतील त्याच्यावर," त्या म्हणाल्या आणि भजं घेतलं नाही.

ही सवय नोकरीतली होती. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात त्या सोलापूरकडच्या एका नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात होत्या. मिशनच्या दवाखान्यात सुईणीचं काम शिकलेल्या, आणि खात्याला घराच्या आत जाऊ शकेल अशी बाई हवी होती म्हणून घेतलेल्या. पुरुष इन्स्पेक्टर ओसरीपर्यंत जायचे. स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली, धान्याच्या कणग्या बघायला बाईच लागे. प्लेगची मोठी लाट तोवर ओसरली होती, पण अधूनमधून कुठल्यातरी पेठेत उंदीर मरून पडायला लागायचे आणि गावात पळापळ व्हायची. एरवी ढेकूण, पिसवा, उवा, घुशी होत्याच. गाव त्यांना 'प्लेगबाई' म्हणे. अमेरिकेत आल्यावर जावयाने थट्टेत 'इन्स्पेक्टरसाहेब' म्हणायला सुरुवात केली आणि आमच्या अपार्टमेंटमधल्या पोरांनी त्याचं 'इन्स्पेक्टरआजी' केलं. त्यांना ते आवडलं असावं. निदान प्लेगबाईपेक्षा बरं.

"माणूस चोरी कबूल करेल, घरातला ढेकूण कबूल करायचा नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. उंदीर पडल्याचं कळलं की खात्याची माणसं यायची, कौलं उतरवायची, भिंतींना चुना मारायची, बिळात पंपाने विषारी धूर सोडायची, आणि घरच्या माणसांना गावाबाहेरच्या झोपड्यांत जाऊन राहावं लागायचं. त्यामुळे लोक मेलेला उंदीर कागदात गुंडाळून शेजाऱ्याच्या परसात टाकत. शेजारी तो उचलून पलीकडच्याकडे टाकी. "एकच उंदीर सगळी आळी फिरून यायचा," असं त्या म्हणायच्या, पण हसायच्या नाहीत. लोकांना दोषही द्यायच्या नाहीत. "माझ्या घरात पडला असता तर मीही लपवला असता," म्हणायच्या.

म्हणूनच त्या सरळ प्रश्न कधी विचारत नसत. उंदीर आहेत का असं विचारलं तर नाहीत असंच उत्तर येणार. त्या विचारायच्या, "मांजर नीट जेवतंय का तुमचं?" बाई भाबडेपणाने म्हणायची, कुठलं हो, हल्ली दुधाला तोंडसुद्धा लावत नाही. की आजी समजायच्या, मांजराचं पोट दुसरीकडे भरतंय. ट्रॉयमध्ये, म्हणजे मिशिगनमधल्या आमच्या गावात, आमच्यापैकी कुणाकडे मांजर नव्हतं, पण आडून विचारायची सवय तशीच राहिली होती. माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला, त्यांनी एकदा विचारलं, "ऑफिसात जेवण देतात का हो?" तो म्हणाला, नाही, डबा नेतो. आजींनी मान डोलावली. मग महिनाभर मला कळेना की त्यांना नेमका कशाचा संशय आला होता. बऱ्याच दिवसांनी त्यांनीच सांगितलं: तो घरी येऊन फार कमी जेवतो, तेव्हा एकतर तुझ्या हाताला चव नाही, नाहीतर बाहेर कुठेतरी खातो.

"मग काय निघालं?" मी विचारलं.

"अजून बघतेय," त्या म्हणाल्या.

अमेरिकेवर तर त्यांचा संशय पहिल्या दिवसापासून होता. जमीन गालिच्याने झाकून टाकतात म्हणजे खाली काय आहे, हे त्यांना कळायला हवं होतं. गालिचा भिंतीपर्यंत ठोकून बसवलेला असल्यामुळे तो उचलता येईना, तेव्हा तर त्यांची खात्रीच झाली. पाव आठवडाभर मऊ राहतो, हे बरं लक्षण नव्हे. आणि लिफ्टमध्ये, रस्त्यावर, दुकानात ओळख ना पाळख माणसं हसतात ती का? मी म्हटलं, "आजी, इथली पद्धत आहे ती." त्या म्हणाल्या, "पद्धत असू दे. पण माणूस हसला की त्याच्या घरात जाऊन बघावं लागतं."

त्यांची मुलगी, मीनाताई, तिथल्या एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत कामाला होती. जावई आणि श्रीकांत एकाच मोटार कंपनीत. आमची सगळ्यांची इमारत एकच, विटांची, तीन मजली. खाली लाँड्रीची खोली, मागे पार्किंग. इमारतीत चार मराठी कुटुंबं. त्यात वयाने आणि अधिकाराने मोठ्या जोगकाकू. नव्याने आलेल्या प्रत्येक बाईला कुठल्या दुकानात कोथिंबीर मिळते, सोशल सिक्युरिटीचा नंबर कसा काढायचा, थंडीत काय घालायचं, हे सगळं काकूच सांगायच्या. माझ्यासाठीही त्यांनी पुष्कळ केलं. त्यांच्याबद्दल लिहिताना ते विसरता कामा नये.

आजी कुठेही गेल्या तरी बरोबर फिरकीचा तांब्या न्यायच्या. पितळेचा, वर फिरकीचं झाकण, पूर्वी प्रवासात नेत तसा. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने आपापला पदार्थ आणायच्या जेवणाला, सगळे कागदी कपात कोक पिताहेत आणि आजी कोपऱ्यात बसून झाकण फिरवून आपलं पाणी पिताहेत, असं ते दृश्य. खाणंही त्या मीनाताईने आणलेलंच खात. आम्ही म्हणायचो, स्वच्छतेचं खूळ. मीही तसंच समजत होते. एकदा लाँड्रीत आम्ही दोघीच होतो. यंत्रात कपडे फिरत होते आणि आजी यंत्राच्या काचेला नाक लावून ते खरंच धुतले जातात की नुसते ओले होतात, हे बघत होत्या. काचेवरची नजर न हलवता त्या म्हणाल्या, "तू मला आमचं आडनाव विचारलं नाहीस."

"नाही," मी म्हटलं.

"न विचारणारे दोन प्रकारचे असतात. एक, ज्यांना फरक पडत नाही. दुसरे, ज्यांनी आधीच दुसऱ्या कुणाला तरी विचारलेलं असतं. तू त्यांतली कुठली?"

जोगकाकूंनी मला ते न विचारताच सांगितलं होतं. आजी येण्याच्या आधीच, स्वयंपाकघरात कढीपत्ता निवडता निवडता, आवाज थोडा खाली आणून: ते बौद्ध आहेत बरं का, आंबेडकरांचे. म्हणजे आपल्याला काय त्याचं, पण माहीत असावं. मी आजींना तसंच सांगितलं, काकूंचं नाव न घेता. त्यांनी नाव विचारलं नाही.

"म्हणजे तिसरा प्रकार," त्या म्हणाल्या. "ज्यांना सांगितलं जातं." मग त्या तांब्याकडे वळल्या, घोटभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "नोकरीत होते तेव्हा ब्राह्मणआळीतही जावं लागायचं. उंदीर काही आळी बघून पडत नाही. उन्हातान्हाची वणवण. पाणी मागितलं तर बाई वरून ओंजळीत ओतायची, नाहीतर घरात पाणीच नाही म्हणायची. पुढे मी मागायचंच सोडलं. घरातून निघतानाच तांब्या भरून घ्यायचा."

"राग नाही आला कधी?" मी विचारलं.

"आला ना. रागाने मी त्यांची कणगी जास्त नीट तपासायची."

मला वाटलं, यात एखादी मोठी गोष्ट असेल, एखादा प्रसंग, ज्यानंतर त्यांनी माणसांवर विश्वास ठेवणं सोडलं. मी तसं विचारलंही. त्या म्हणाल्या, "तसं एक काही झालं नाही गं. रोजच व्हायचं."

त्याच उन्हाळ्यात आमच्या इमारतीत झुरळं झाली. एके दिवशी पहाटे चहाला म्हणून मी स्वयंपाकघराचा दिवा लावला, तर ओट्यावरून पाच-सहा लहानशी, तपकिरी, चपळ झुरळं पळाली. ही आपल्याकडच्या मोरीतल्या झुरळांसारखी मोठी नव्हती. नखाएवढी होती, आणि जिथे फट दिसेल तिथे शिरत होती. पहिला विचार मनात आला तो असा, की कुणाला कळता कामा नये. आजींचं वाक्य किती खरं होतं, हे मला स्वतःच्याच घरात कळलं. इमारतीजवळच्या दुकानात कुणी ओळखीचं भेटेल म्हणून मी श्रीकांतला घेऊन दोन गावं पलीकडच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. झुरळांच्या फवाऱ्याचा डबा उचलला, तेवढ्यात त्याच रांगेच्या दुसऱ्या टोकाला जोगकाकू दिसल्या. त्यांच्या खरेदीच्या ढकलगाडीत बल्बच्या दोन खोक्यांखाली तोच डबा होता.

"गार्डनसाठी," काकू म्हणाल्या.

आमच्या कुणाच्याच अपार्टमेंटला गार्डन नव्हतं. मीही म्हटलं, "आमचंही गार्डनसाठीच."

आठवड्याभरात सगळ्यांना कळलं की सगळ्यांकडे आहेत. मग इमारतीची मॅनेजर, मिसेस हॅरिस, दारोदार फिरली. मराठी घरांशी जरा जास्त वेळ बोलली. माझ्या स्वयंपाकघरात येऊन तिने तांदळाच्या पोत्याकडे बघितलं, फोडणीचा वास घेतला आणि गोड आवाजात म्हणाली, "तुम्ही लोक स्वयंपाक खूप करता, नाही?" शहराच्या आरोग्य खात्याचा माणूस येणार होता, ज्या घरातून हे सुरू झालं असेल त्यांचा भाडेकरार वाढवला जाणार नाही, हेही तिने तितक्याच गोडीने सांगितलं. आम्ही घाबरलो. नवऱ्यांच्या नोकऱ्या नव्या, व्हिसाचे कागद या पत्त्यावर, आणि 'झुरळांमुळे घर सोडावं लागलं' असं पुढच्या घरमालकाला सांगणार कसं?

त्या शनिवारी जोगकाकूंकडे आम्ही जमलो. मीनाताई कामावर होती, ते बरंच झालं असं बहुतेकांना वाटलं असावं. काकू म्हणाल्या, "मी कुणाचं नाव घेत नाही. पण आपल्याकडे आधी नव्हती. जानेवारीनंतर सुरू झाली." जानेवारीत आजी आल्या होत्या, दोन पत्र्याच्या ट्रंका घेऊन. कुणीतरी म्हणालं, ट्रंकेतून येऊ शकतात म्हणे. कुणीतरी म्हणालं, शेवटी सवयी असतात एकेकांच्या. मी म्हटलं, "आजी तर सगळ्यांच्या गाद्या तपासत फिरतात." त्यावर काकू शांतपणे म्हणाल्या, "म्हणूनच. जो दुसऱ्याच्या घरात शोधत असतो ना, त्याच्याकडे काहीतरी असतं."

हे वाक्य आजींचंच असल्यासारखं वाटलं मला. दोघी एकमेकींना आवडत नव्हत्या, पण विचार एकाच पद्धतीने करायच्या.

तिकडे आजींचा तपास सुरू झाला होता. त्यांना आपल्याबद्दल काय बोललं जातंय, हे कुणी सांगायची गरज नव्हती. लाँड्रीत त्या आल्या की बायकांच्या टोपल्या जरा लांब सरकायच्या, तेवढं त्यांना पुरे होतं. त्यांनी आधी माझ्यावर संशय घेतला, माझं सिंकखालचं कपाट रिकामं करून घेतलं, आणि मला सोडून दिलं. मग त्यांचं लक्ष तिसऱ्या मजल्यावरच्या नोवाक नावाच्या म्हाताऱ्याकडे गेलं. तो एकटा राहायचा. कुणाशी बोलायचा नाही. मिसेस हॅरिसलाही त्याने आत घेतलं नव्हतं. दाराची साखळी न काढता फटीतून बोलायचा.

"तोच," आजी म्हणाल्या. "जो साखळी काढत नाही, त्याच्याकडे बघण्यासारखं असतं."

"आजी, तो नुसता एकलकोंडा असेल."

"असेल. बघू या. तू चल, मला त्याची भाषा येत नाही."

मी टाळाटाळ करत होते. पण भाडेकराराची भीती होतीच, आणि खरं सांगायचं तर आजींवरचा आळ त्यांनी स्वतःच उतरवला तर बरं, असंही वाटत होतं. एका दुपारी आम्ही वर गेलो. आजींनी पांढरं पातळ नेसलं होतं, पायांत मोजे आणि स्लीपर, हातात तांब्या. नोवाकने साखळीमागून विचारलं, काय हवंय. मी म्हटलं, या आजी पूर्वी आमच्या देशात शहराच्या आरोग्य खात्यात होत्या, झुरळांबद्दल विचारायला आल्या आहेत. हे सांगायला नको होतं. त्याचा चेहराच बदलला. त्याने दार लावून घेतलं.

आम्ही वळलो, तेवढ्यात साखळी काढल्याचा आवाज झाला. दार उघडून तो उभा होता. उंच, वाकलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला. माझ्याकडे न बघता आजींकडे बघून म्हणाला, "आरोग्य खात्यात? मग या. या आणि बघाच."

त्याचं घर आमच्या सगळ्यांच्या घरांपेक्षा स्वच्छ होतं. आजींनी गादीची शिवण तपासली, त्याने तपासू दिली. उलट गादी उचलून धरली. पलंगाचे चारही पाय पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या वाट्यांत उभे होते. आजी खाली वाकल्या, पाण्यात बोट बुडवून त्यांनी वास घेतला.

"रॉकेल," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "पाण्यावर रॉकेलचा थर. आम्ही हेच सांगायचो लोकांना."

नोवाकने मला विचारलं त्या काय म्हणाल्या. मी सांगितलं. तो खुर्चीत बसला आणि बोलायला लागला. मी वाक्यावाक्याला मराठीत सांगत गेले. तो लहान होता तेव्हा त्याचे आईवडील पोलंडहून येऊन पोलादाच्या कारखान्यांच्या एका गावात राहिले होते. पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. भाड्याच्या खोल्या, भिंतीला भिंत लागून दुसरं घर. शहराची माणसं आली, खिडक्यांच्या फटींना कागद चिकटवले, आत गंधक जाळलं, आणि ढेकूण झाले म्हणून त्याच्या आईच्या गाद्या भर अंगणात पेटवल्या. सगळी गल्ली बघत होती. ढेकूण पलीकडच्या घरातून भिंतीतून येत होते, हे त्याची आई मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगत राहिली. कुणी ऐकलं नाही. त्यानंतर शेजारच्या मुलांना त्याच्याशी खेळायला मनाई झाली. आई मरेपर्यंत पलंगाचे पाय वाट्यांत ठेवायची. तोही ठेवतो.

आजींनी रॉकेलचं बोट पदराला पुसलं. मग म्हणाल्या, "विचार त्याला, जो माणूस आला होता त्याचं नाव काय होतं."

नोवाक म्हणाला, "नाव माहीत नाही. हातमोजे घातले होते त्याने, तेवढं आठवतं."

"आम्हाला हातमोजे देत नसत," आजी म्हणाल्या. मी तेही सांगितलं. नोवाकने त्यांच्या हातांकडे पाहिलं, आणि उठून कॉफी ठेवली. कप समोर आला तेव्हा मी आजींच्या वतीने नको म्हणायला तोंड उघडलं होतं. पण त्यांनी कप उचलला, फुंकर घातली आणि प्यायल्या. साखर नव्हती, तरी संपवली.

कॉफीला दूध काढायला त्याने फ्रिज उघडला होता. जुना, गोलसर कोपऱ्यांचा फ्रिज. तो म्हणाला, "हाही न्यायला आले होते थंडीत. सगळ्यांचे बदलतोय म्हणाले. मी दिला नाही. माझा चांगला चालतो." मी आजींना सांगितलं, की जानेवारीत मॅनेजमेंटने आमच्या सगळ्यांचे फ्रिज बदलून दिले, कुठल्यातरी दुसऱ्या कॉम्प्लेक्समधून आणलेले होते, पण आमच्या जुन्यांपेक्षा मोठे, म्हणून आम्ही खूश होतो; झुरळं त्यांतूनच तर आली नसतील? आजींना त्यात काही विशेष वाटलं नाही. "थंडीत झुरळ कसं राहील?" त्या म्हणाल्या. नोवाकला ते सांगितल्यावर तो पहिल्यांदाच हसला. थंडी आत असते, म्हणाला. मागे मोटर असते, तिथे ऊब असते, अंधार असतो.

संध्याकाळी श्रीकांत आणि मीनाताईच्या नवऱ्याने मिळून आमचा फ्रिज भिंतीपासून ओढला आणि मागचा पत्रा काढला. आत काय दिसलं ते लिहीत नाही. चारही घरांत तेच निघालं. जोगकाकूंच्या फ्रिजमागे सगळ्यांत जास्त.

मिसेस हॅरिसने आधी हे मानलंच नाही. मग शहराचा माणूस आला. तरुण, टाय लावलेला, नम्र. त्याने माझ्या दारात उभं राहून विचारलं, "तुमच्याकडे झुरळं आहेत का?" माझ्यामागे आजी उभ्या होत्या. "असं विचारतात का?" त्या पुटपुटल्या. पण त्याने फ्रिज ओढून बघितले, वर नोवाककडेही गेला, आणि जे सांगायचं ते मॅनेजमेंटला सांगितलं. फ्रिज गेले, फवारणी झाली, कुणाचाही करार थांबला नाही. मिसेस हॅरिस नंतरही लिफ्टमध्ये हसायची. आजी तिच्याकडे टक लावून बघायच्या.

मी आजींना म्हटलं, "नोवाकच्या बाबतीत तुमचा अंदाज चुकला."

"चुकला," त्या म्हणाल्या. "तपासल्याशिवाय कळलं असतं का?"

"आणि त्याच्याकडे कॉफी कशी प्यायलात?"

"त्याने मी कोण ते विचारलं नाही. त्याला ठाऊकच नाही, की असं काही विचारायचं असतं." मग त्यांनी पुढे जोडलं, "त्यांच्यातही असेल म्हणा काहीतरी विचारण्यासारखं. आपल्याला माहीत नाही इतकंच."

सप्टेंबरात जोगकाकूंकडे गणपती असायचा. त्या वर्षी त्या स्वतः मीनाताईच्या घरी बोलावणं करायला गेल्या. आजींना म्हणाल्या, "तुम्ही नक्की या. आरतीला नाही तर जेवायला तरी." दारात उभ्या राहूनच बोलल्या, कारण मीनाताई आत या म्हणाली तरी त्यांना घाई होती. आजी त्यांना म्हणाल्या, "बघते," आणि गेल्या नाहीत. त्यानंतर दिवाळीला बोलावलं, संक्रांतीला तिळगूळ पाठवला. आजी तिळगूळ मीनाताईच्या मुलाला द्यायच्या. काकूंना ते कळलं आणि लागलं. "मी मनापासून बोलावते गं त्यांना," त्या मला म्हणाल्या. "माझं चुकलं होतं, मला ते माहीत आहे. तोंडाने नाही म्हणता येत, म्हणून बोलावते." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटतं ते खरं होतं. पण काकू कुणालाही निरोप देताना रडायच्या, हेही मला माहीत होतं.

नोवाककडे मात्र आजी अधूनमधून जायच्या. एकट्याच, दुभाषी न घेता. दोघं काय बोलत असतील, देव जाणे. मीनाताई म्हणायची, "दोघं बसून खिडकीतून पार्किंगमध्ये कोण आलं, कोण गेलं, ते बघतात. आणि माना हलवतात." एकदा मी वर गेले तर दोघं खरंच तसेच बसले होते, आणि मला बघून दोघांनीही एकाच वेळी माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं.

दोन वर्षांनी आजींनी परत जायचं ठरवलं. मीनाताईने पुष्कळ विनवलं. त्या म्हणाल्या, तिकडे मुलगा आहे, ऊन आहे, आणि मला इथली जमीन अजून बघायला मिळाली नाही. निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांची ट्रंक भरायला गेले. त्या प्रत्येक पातळ झटकून घडी घालत होत्या. मी बराच वेळ मनात घोळवलेलं शेवटी बोलले. म्हटलं, "आजी, काकू मनापासून बोलावत होत्या. एकदा जायला हवं होतं तुम्ही."

त्यांनी हातातली घडी ट्रंकेत ठेवली. रागावल्या नाहीत.

"असेल," त्या म्हणाल्या. "असेलही मनापासून. पण पोरी, खात्री करून घ्यायला वेळ लागतो. एका माणसाची खात्री करायची तर वर्षं जातात. आता माझ्याकडे तेवढी नाहीत. होती ती तुझ्यावर घालवली." मग मला म्हणाल्या, "ती शाल झटकून दे."

त्या दीड-एक वर्षाने वारल्या, तिकडेच, मुलाच्या घरी. मीनाताईला जाता आलं नाही. तोवर तिने रॉचेस्टर हिल्सला घर घेतलं होतं आणि आमची गाठभेट कमी झाली होती. बातमी कळल्यावर मी जोगकाकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तू जाशील तेव्हा मला घेऊन जा. एकटीने जायला धजत नाही."

मार्चचा महिना होता, रस्त्याच्या कडेला बर्फाचा काळपट चिखल. मीनाताईने दार उघडलं. टेबलावर बुद्धाच्या लहान मूर्तीपुढे मेणबत्ती लावली होती, शेजारी आजींचा फोटो, नोकरीतला. तरुण, ताठ, केसांचा घट्ट अंबाडा. काकू फोटोपुढे उभ्या राहिल्या, हात जोडले, मग सोफ्यावर बसल्या. आईबद्दल मीनाताई बरंच बोलली. शेवटच्या दिवसांत आई शेजारच्या बायकांना घरी बोलावून त्यांच्या पोरांचे केस विंचरून द्यायची, असं तिने सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं, चहा घेतला, दिलेलं सगळं खाल्लं, दुसऱ्यांदा मागूनही घेतलं. जाताना त्या म्हणाल्या, "मीना, तुझी आई माझ्याकडे एकदाही जेवली नाही. ते माझ्या मनातून जात नाही."

मीनाताईने त्यांच्या हातात कोट दिला. "काकू, पुन्हा या," ती म्हणाली. "नक्की या."

गाडीत बसल्यावर काकूंनी पट्टा लावला. त्या मीनाताईच्या घराच्या बंद दाराकडे बघत होत्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "मनापासून म्हणाली का गं ती?"

मी गाडी मागे घेतली, रस्त्याला लावली.